तरंगला की काढायचा

कोकणातल्या एका गावात भिवा नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. खरी पंचाईत तीच होती.

पेरणीच्या आधी त्याच्या बायकोनं, शेवंतीनं, त्याला भाताचं बी निवडायला बसवलं. मिठाच्या पाण्यात टाका, तरंगेल ते पोकळ, ते फेका. बुडेल ते ठेवा. भिवानं काम चोख केलं. शेवंती इतकी खूश झाली, की दुपारी वडेही त्यालाच तळायला सांगून पाण्याला गेली.

परत आली तर अंगणात कुत्री वडे खात होती. भिवा कढईच्या तळाकडे बघत बसला होता.

"एकही बुडून राहीना गं," तो म्हणाला. "सगळे पोकळच निघाले."

शेवंतीनं कपाळाला हात लावला. "अहो, बुडालेला वडा कच्चा असतो. तरंगला की अलगद पालथा घालायचा. दुसरी बाजू झाली की काढायचा." एवढं सांगून तिनं पिशवी भरली आणि सरळ माहेर गाठलं.

तेच घोकत भिवा तिला आणायला गेला. सासरे म्हणाले, आधी एक काम धड करून दाखवा, मग मुलगी पाठवतो. काम सोपं होतं. आंबे टाकीतल्या पाण्यात सोडून तयार तेवढे पेटीत भरायचे. आता आंब्याचं वड्याच्या उलट. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. हे भिवाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं कोवळे सगळे पेटीत रचले.

"आणि हे बुडालेले?" सासऱ्यांनी विचारलं.

"राहू द्या टाकीत, मामा. कच्चे आहेत. येतील हळूहळू वर."

मुलगी पाठवायची नाही, असं सासऱ्यांनी तिथंच ठरवलं. डोकं निववायला ते काठी टेकत तळ्यावर आंघोळीला निघाले. भिवा मागोमाग. पायरीवर शेवाळ होतं. सासरे घसरले ते थेट पाण्यात, आणि पोहायचं म्हणाल तर त्यांना ठाऊक नव्हतं.

"जावईबापू, काढा मला!"

भिवा काठावर उकिडवा बसला. "अजून बुडताय, मामा. जरा कळ काढा."

पलीकडे शेवंती कपडे धूत होती. तिनं काठावरचा पोरांचा पोहायचा सुका भोपळा नेमका फेकला. सासऱ्यांनी तो छातीशी कवटाळला आणि ते उताणे वर आले. लालबुंद, पण जिवंत.

"हात द्या," ते धापा टाकत म्हणाले. "आणि न्या मुलगी. आत्ताच्या आत्ता न्या."

"नेतो ना," भिवा म्हणाला. तरंगणारे सासरे बघून त्याचा चेहरा उजळला होता. त्यानं पायरीवर पडलेली त्यांचीच काठी उचलली आणि त्यांच्या अंगाखाली सारली. "पण मामा, एकच बाजू झालीय."

आणि त्यानं सासऱ्यांना अलगद पालथं घातलं.