टेपने ब्लूटूथ तोडलं

गावोगावचे प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जिपांमध्ये ब्लूटूथवाले टेप नवे होते, तेव्हाची ही हकीकत. जीपचालक सर्जेरावांचा फोन टेपकडे गाणी पाठवायचा, पण स्वतःचा आवाज अगदी कमी ठेवायचा. "आम्ही खानदानी, हळूच बोलतो," म्हणायचा. मग सर्जेराव टेपचं बटण शेवटपर्यंत पिळायचे. टेप खरखरायचा आणि प्रवासी कानांवर हात ठेवायचे.

एक दिवस सर्जेराव वैतागले. "उद्या हा टेप काढून भंगारात घालतो!"

"घालाच," फोन म्हणाला.

टेप भडकला. "कुजबुजायचं तू, घसा फाडायचा मी, आणि भंगारातही मीच? जा, एकटा गा!" त्याने तिथेच ब्लूटूथ तोडलं.

फोन एकटाच गाऊ लागला. शेजारच्या सीटलाही काही ऐकू येईना. सर्जेरावांनी चिडून फोनचाच आवाज पूर्ण वाढवला, टेपचं बटण खाली आणलं आणि दोघांना पुन्हा जोडलं. गाणं मागच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचलं.

"तुझी खरखर गेली की रे!" फोन म्हणाला.

"मी कालचाच आहे," टेप म्हणाला. "तोंड तू आज उघडलंस."