मामाचं निदान

मी कॉलेज सोडलं तेव्हा मामा म्हणाला, "पोरगं बिघडलं." अप्पांनी तेवढ्यावर मला घराबाहेर काढलं. काय बिनसलं, हे कुणी विचारलंच नाही. आता एका गॅरेजात गाड्या दुरुस्त करतो, तिथेच एकटा राहतो.

परवा अप्पा पहिल्यांदा आले, तेही गाडीसाठी. "ब्रेकच्या एबीएसचा दिवा लागतोय. तुझा मामा म्हणतो, त्याचं मॉड्यूल बिघडलंय. काढून फेक."

मी स्कॅनर लावला, मग गाडीखाली शिरलो.

"मॉड्यूल ठणठणीत आहे. मागच्या चाकाच्या सेन्सरची वायर तुटलीय, चाकाची खबर मॉड्यूलपर्यंत पोचतच नाही."

"पण मामा म्हणाला..."

"त्याच्या सांगण्यावरून आणखी काय काय फेकणार, अप्पा?"

वायर जोडल्यावर दिवा विझला, तसे अप्पा गाडी घेऊन निघून गेले.

दोघांसाठी मागवलेला चहा मी एकट्यानेच प्यायलो.