काळसुळ्यावरचा दिवा

एका राज्यात समुद्रकाठी उंच मनोरा होता, पण त्यावर दिवा टिकत नसे. मनोऱ्याखाली काळसुळा नावाचे खडक होते. भरती आली की ते पाण्याखाली दडत आणि येणारी गलबते चिरून टाकत. त्या राज्याचा राजा रत्नध्वज दूरच्या बेटांकडे गेला, तो परतलाच नाही. त्याची राणी मंदारवती रोज तिन्हीसांजेला मनोरा चढे, वात लावी आणि म्हणे, "महाराज, या." तत्क्षणी ज्योत विझे. वारा नसला तरी विझे.

एके दिवशी कठड्यावर एक समुद्रघार येऊन बसली आणि बोलू लागली.

"राणी, या मनोऱ्याला शाप आहे. राजाच्या पणजोबांनी शत्रूची जहाजे फुटावीत म्हणून इथला दिवा मुद्दाम विझवला. त्या जहाजांत अभ्रमाली जादूगाराची लेक होती. शाप त्याचाच."

"तो जादूगार आता कुठे आहे?"

"खडकांखालच्या गुहेत. अजून लेकीची वाट पाहतो."

ओहोटी साधून राणी गुहेत उतरली. अभ्रमाली गुडघाभर पाण्यात बसला होता. त्याच्या दाढीला शिंपले चिकटले होते.

राणी म्हणाली, "आमच्या घराण्याने आपला घात केला. क्षमा कोणत्या तोंडाने मागू? पण समुद्रावर अजून माणसे आहेत."

"तीन कामे कर," तो म्हणाला. "मग पाहू."

पहिले काम, बुडालेल्या खजिन्यातून लेकीचे पैंजण आणायचे. जो तिथल्या सोन्याला हात लावी, त्याचे पोवळे होई. घारीने घिरट्या घालून जागा दाखवली, राणीने बुडी मारली. तळाशी पोवळ्याची माणसे मुठी आवळून उभी होती. राणीने मोहरांना स्पर्श केला नाही, चांदीचे इवलेसे पैंजण तेवढे उचलले. ती वळली तशी सोन्याने मागून तिला हाक मारली, रत्नध्वजाच्या आवाजात. क्षणभर ती थबकली, मग वर आली.

दुसरे काम, स्वतःच्या केसांची वात वळायची. निघताना राजाने तिच्या वेणीत आपल्या हाताने फुले माळली होती. फुले कधीच सुकून गेली, पण ती वेणी तिने सोडली नव्हती. आता तिने ती कापली.

तिसरे काम सर्वांत कठीण. अभ्रमाली म्हणाला, "ज्योत लावताना आपल्या माणसाला बोलवायचे नाही. मनातही आणायचे नाही."

सायंकाळी वादळ उठले. राणीने वात लावली. मनात राजा आला, ज्योत विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तोच वीज लखलखली आणि काळसुळ्याच्या रोखाने येणारे एक जहाज दिसले. शिडावर शत्रूचे चिन्ह होते. डेकावर एक बाई तान्ह्या मुलाला पाठीशी बांधत होती.

"अगं, इकडे नको! खडक आहेत!" राणी जिवाच्या आकांताने ओरडली आणि ओरडतच तिने वात पेटवली.

ज्योत उभी राहिली. काळे सुळे लख्ख उजळले. जहाज वळले आणि सुखरूप खाडीत शिरले.

पैंजण छातीशी धरून अभ्रमाली मनोरा चढून आला. "शाप फिटला, राणी. काय हवे ते माग."

"महाराज कुठे आहेत, एवढेच सांगा."

जादूगाराने मान खाली घातली. "पहिल्याच वर्षी त्यांचे जहाज या खडकांवर फुटले."

"म्हणजे ते परत येत होते?"

"येत होते. जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभे राहून याच मनोऱ्याकडे पाहत होते."

राणी खाली बसली आणि पोटभर रडली. अभ्रमाली पायऱ्या उतरून समुद्रात चालत गेला आणि फेस होऊन विरला. तळाशी पोवळ्याच्या मुठी उघडल्या, लाटांनी सोने खोल ओढून नेले. वाचलेल्या जहाजाची हकीकत ऐकून शत्रूच्या राजाने तहासाठी दूत पाठवले. किनाऱ्यावर पुन्हा बाजार भरू लागला.

राणीने दिवसा राज्य चालवले आणि रोज सायंकाळी दिवा लावला. क्षितिजावर नवे शीड दिसले की ती क्षणभर उठून उभी राही. शिडावरचे चिन्ह ओळखू येईपर्यंत उभी राही. मग खाली बसून दिव्यात तेल घाली.