तळाची नळी

एका परसात तीन पिंपं राहायची, तेव्हाची ही गोष्ट. पन्हळीखालचं निळं पिंप पावसात भरून वाहायचं, शेजारची दोन बुटकी पिंपं मात्र कोरडीच राहायची. म्हणून सुमतीकाकूंनी तिघांना तळाशी नळीनं जोडलं. निळ्याचं पाणी निम्म्यावर आलं.

"तुम्ही माझं पाणी चोरलंत," म्हणत निळं रुसून बसलं.

उन्हाळ्यात काकू रोज निळ्याच्याच तोटीखाली झारी धरू लागल्या. एकट्याचं पाणी केव्हाच तळाला गेलं असतं, पण नळीतून गार पाणी येतच राहिलं.

"हे कुणाचं?" निळ्यानं हळूच विचारलं.

"तुझंच," एक बुटकं म्हणालं. "चिखलात सांडायचं ना, ते आम्ही धरून ठेवलं."