घटिकेपाशी बसलेलं माणूस

सोनखडीच्या संग्रहालयात जुने अडकित्ते, मापं, समया सगळं काचेआड आहे. तांब्याचं घटिकापात्र, म्हणजे वेळ मोजायची वाटी, तेवढं बाहेर, पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगतं. बुडाला बारीक भोक आहे. वाटी हळूहळू भरून बुडाली, की शेजारी बसलेलं माणूस ती उपसून परत पाण्यावर सोडतं. बसणारं माणूस गावातलंच, बिनपगारी, हौसेने येणारं. संग्रहालय उघडं असेतो ही जागा रिकामी ठेवत नाहीत. त्याचं कारण असं सांगतात.

गावात घड्याळं आली नव्हती तेव्हा लग्नाचा मुहूर्त याच वाटीवर साधत. वाटी सांभाळायला मोरभट असायचे. गलबला नको म्हणून त्यांना मागच्या खोलीत बसवत. ठरल्या वेळची वाटी बुडाली की त्यांनी थाळी वाजवायची, मग बाहेर अक्षता पडायच्या. लग्नघरातून कोणी येऊन 'लग्न लागलं, उठा' म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही, अशी त्यांनी गावदेवीपुढे शपथ घेतलेली. त्यांचं पानही तिथेच आणून वाढत. स्वतःचं लग्न आठवूही नये इतक्या लहानपणी झालेलं, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. साऱ्या गावाची लग्नं मोरभटांच्या थाळीवर लागली, पण एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे.

मग इनामदारांच्या गोदूचं लग्न निघालं. मोरभटांनी थाळी वाजवली. बाहेर वाजंत्री वाजली, पंगती बसल्या, उठल्या. उठा म्हणायला मात्र कोणी फिरकलं नाही. सगळे व्याह्यांच्या सरबराईत. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल. मोरभट आपले वाटी उपसून पुन्हा सोडत राहिले. लग्न लागलंय हे न कळायला ते काही खुळे नव्हते. आणि शपथेचं म्हणाल, तर देवी काही एवढी कठोर नाही. पण आपण होऊन उठायचं म्हणजे आपली कोणालाच आठवण राहिली नाही हे कबूल करायचं, आणि ते त्यांच्याने होईना. उन्हं कलली, भूक मेली. गाड्या जुंपल्याचा आवाज आला तेव्हा त्यांना रडू फुटलं.

तिकडे गाडीत बसवताना वडिलांनी गोदूला विचारलं, "कोणाच्या पाया पडायचं राहिलं नाही ना?"

"थाळी वाजवली ते कुठे आहेत?" गोदू म्हणाली. "ते दिसलेच नाहीत."

तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं, त्यांना उठवायचंच राहिलं. आत्याबाई म्हणाल्या, निघालेली नवरी माघारी फिरत नसते. गोदू ऐकते कसली. शालू सावरत उतरली आणि थेट मागच्या खोलीत गेली.

"काका, लग्न लागलं. उठा, जेवायला चला."

मोरभट उठेनात. तिच्या मुंडावळ्या, हळद, हिरवा चुडा बघत राहिले. मग म्हणाले, "नवरी अशी दिसते होय."

स्वयंपाक संपला होता. गोदूने पातेल्याची खरवड काढून त्यांना वाढली. त्यांचं जेवण होईपर्यंत व्याही गाडीत ताटकळले.

पुढे वाटी संग्रहालयात आली. आजही गावातली नवरी सासरी जाण्याआधी तिथे येते. वाटीशेजारी बहुतेकदा इंदुमतीबाई असतात, पोस्टातून निवृत्त झालेल्या. घरी त्यांची वाट बघणारं कोणी नाही. नवरी मुंडावळ्या बाजूला सारते आणि म्हणते, "लग्न लागलं, उठा." बाई लगेच उठत नाहीत. आधी तिला डोळे भरून बघून घेतात.