भिंतीवरची आबोली

एका गावात, एका अंधाऱ्या खोलीत कस्तुरा नावाची इवलीशी मुलगी आईजवळ राहायची. आई पूर्वी आबोलीचे गजरे विकायची; आता तिला खाटेवरून उठवतही नव्हतं. खिडकीतून दिसायची ती फक्त अंगणाची राखाडी भिंत. अंगणात घरमालकांनी फरशी बसवून घेतली होती, कारण मातीने पाय मळतात. "डोळ्यांना जरा हिरवं दिसलं असतं," आई म्हणायची आणि कूस बदलायची.

कस्तुरा फूल शोधायला गावच्या बागेत गेली. तिथे 'फुले तोडू नयेत' अशी मोठी पाटी होती. फुलं मात्र नव्हती. कचऱ्यात प्लास्टिकची एक बाटली तेवढी चमचम करत होती. आत परी अडकली होती: चिमुकली, चंदेरी पंखांची आणि बरीच वैतागलेली. कस्तुराने बूच उघडलं. परीने पंख झटकले, गुलाबी-निळी धूळ उडाली आणि रिवाजाप्रमाणे तिने एक इच्छा मागायला सांगितली.

"आईला बरं कर."

परीचे पंख मिटले. "ते आमच्या हातात नाही गं, सोन्या. दुसरं काही माग."

कस्तुराने हातातलं बूच खाली ठेवलं. "मग तिला निजल्या निजल्या बाग दिसू दे."

फरशीवर बाग कशी होणार? पण भिंत तर उभीच होती. परीने सांगितलं तशा कस्तुराने टाकलेल्या बाटल्या गोळा केल्या, पोटाशी कापल्या, बुडाला भोक पाडलं, माती भरली आणि सुतळीने एकीखाली एक टांगल्या. पाणी फक्त वरच्या बाटलीत घालायचं. ते थेंब थेंब खाली उतरायचं. नियम एकच होता: कुणाचंही पाणी अडवायचं नाही.

सगळ्यांत वर आबोली लावली. रोप शेजारच्या वच्छामावशींनी दिलं. तिच्याखाली पुदिना, मेथी, तुळस. परीने फुंकर घातली आणि भिंत पोपटी झाली. आई कितीतरी दिवसांनी हसली.

पण ती खंगतच चालली. कस्तुराला वाटू लागलं, आबोली आहे तोवर आई आहे. म्हणून तिने आबोलीच्या बाटलीचं भोक मेणाने बुजवलं. सगळं पाणी आबोलीला. थोड्याच दिवसांत खालची रोपं सुकली, आणि आबोलीही पिवळी पडली.

आईने खाटेवरून पाहिलं. "ती बुडतेय, बाय. जाऊ दे पाणी खाली." मग जरा थांबून म्हणाली, "धरून ठेवलं म्हणजे राहतं, असं नसतं गं."

कस्तुराने रडत रडत मेण काढलं. पाणी उतरलं. आबोली काही जगली नाही. पण उतरणारं पाणी तिच्या झुकलेल्या वाळक्या कणसाला लागताच आतलं बी तडतडून उडालं आणि खालच्या प्रत्येक बाटलीत पडलं. परीने गुपचूप पंख फिरवले असावेत, कारण सकाळी सगळी भिंत केशरी झाली होती. आई दिवसभर पाहत राहिली. पाहता पाहताच ती गेली.

परी आली. रागावलीस का, असं तिने विचारलं. कस्तुराने नाही म्हणून मान हलवली.

"आईला दिसलं ना सगळं?"

"सगळं," परी म्हणाली. ही फुलं आता कधीच संपणार नाहीत, एवढं सांगून ती सोनेरी उजेडात विरून गेली. उजेड पाहून वच्छामावशी धावत आल्या, त्यांनी कस्तुराला पोटाशी धरलं आणि तिचं अंथरूण आपल्या घरी नेलं. मालकही आले, भिंत आपलीच आहे, हे सगळ्यांना सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी कस्तुराने वरच्या बाटलीत पाणी घातलं. ते थेंब थेंब उतरू लागलं. तिच्या डोळ्यांतलंही उतरत होतं. तिने तेही अडवलं नाही.