उलटी मेढ

भक्तहो, खेमाजी महाराज गारवाडीत आले आणि गावाबाहेर चुना मळायच्या मोडक्या घाणीपाशी राहिले. पाटलांनी आपली माडी देऊ केली होती. महाराज म्हणाले, "माडीवर बसलं की खालचं रडणं ऐकू येत नाही." आणि कडुनिंबाखाली त्यांनी घोंगडी अंथरली ती कायमचीच.

याच गावात भिवरा नावाची एक विधवा होती. नवरा गेला आणि दिराने तिला व आपल्या सख्ख्या आईला घराबाहेर काढले. त्या दिराचे नाव घेऊन मी आपले तोंड विटाळणार नाही. सासू-सून देवळाच्या ओट्यावर राहू लागल्या. म्हातारीचे नाव सुंदराबाई. ती खोकल्याने खंगत चालली होती. तिला औषध नको होते, गोडधोड नको होते. तिचा एकच धोशा होता, "भिवरे, परक्या ओट्यावर मरण नको गं मला. आपल्या उंबऱ्याच्या आत डोळे मिटू दे."

भिवराने हे महाराजांच्या कानावर घातले. महाराज म्हणाले, "मग बांध की घर."

"महाराज, गवंडी कुठला आणू? सुतार कुठला आणू?"

"तूच गवंडी, तूच सुतार, तूच मालकीण. मी हाय."

एवढ्या शब्दावर ती बाई उठली. गावठाणातल्या पडीक तुकड्यावर तिने स्वतः दोरी धरून आखणी केली, पाया खणला, माती भिजवली, भुसा घालून ती पायांनी तुडवली. हातभर भिंत चढवायची, ती वाळू द्यायची, मग पुढचा थर. दिवसभर लोकांच्या शेतात राबायचे आणि उरल्या वेळात हे.

गावात नागोजी मिस्त्री होता. पंचक्रोशीत त्याच्या हाताशिवाय घर उभे राहत नसे, आणि हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हते! पान चघळत तो पारावर म्हणे, "बायकांनी चूल घालावी. त्या भिंती घालाय लागल्या तर आम्ही काय भाकरी थापायच्या?" पार हसे. भिवरा मान खाली घालून माती तुडवी.

आढे म्हणजे छपराची मधली आडवी तुळई; तिचा भार पेलायला दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकेक मेढ, म्हणजे उभा खांब, रोवावी लागते. भिवराला एका पडलेल्या गोठ्याचे लाकूड मिळाले होते. साल निघालेली, दोन्ही टोके तासून सारखी केलेली. लाकूड झाडावर जसे उभे होते तसेच घरात उभे करायचे, बुंधा खाली आणि शेंडा वर, हा आपल्याकडचा जुना दंडक. तिला तो माहीत होता. पण तासलेल्या लाकडाचा बुंधा कोणता, हे त्या बिचारीला कसे कळावे? तिने अंदाजाने दोन्ही मेढी रोवल्या आणि त्यांच्याभोवती भिंती चढवल्या.

अखेर आढे चढवायचा दिवस आला. त्या दिवशी अख्खे गाव हात लावायला येते. न बोलावता येते. भिवराने गूळ-खोबरे मांडले, आढ्याला नारळ बांधला, सुंदराबाईला धरून आणून अंगणात बसवले. माणसे जमली. आढे ओढून घ्यायला चऱ्हाटे टाकली. तेवढ्यात नागोजी पुढे झाला आणि त्याने डावीकडच्या मेढीवर हात आपटला.

"हात लावू नका रं कुणी! ही मेढ उलटी हाय. गाठी बघा, फांद्यांची तोंडं बघा. उलट्या मेढीच्या घरातनं वरसाच्या आत मढं निघतंय!"

झाले. उचललेले चऱ्हाट खाली पडले. एकेक जण मान वळवून निघाला. गुळाला कुणी शिवलेसुद्धा नाही. अंगण रिकामे झाले आणि राहिल्या दोघी.

भिवराच्या डोळ्यांपुढे अंधार आला. मेढ काढायची तर भिंत पाडावी लागणार, आणि भिंत पुन्हा चढेपर्यंत म्हातारी कुठली जगते? नाही काढली तर मढे निघणार, आणि घरात दुसरे होते कोण? जिच्यासाठी घर बांधले तिचेच मरण आपण आपल्या हाताने भिंतीत पुरले, असे वाटून ती हंबरडा फोडून रडली. मग तिने कुदळ उचलली आणि स्वतःच्याच भिंतीवर घातली. पहिले ढेकूळ खाली पडले.

"थांब बाय." मागे महाराज उभे होते.

तिने कुदळ टाकली नाही. जन्मात पहिल्यांदा ती महाराजांवर ओरडली, "तुम्ही म्हणला होता, मी हाय! कुठं होता मग? मेढ रोवताना सांगितलं का न्हाई?"

भक्तहो, महाराजांनी याचे उत्तर दिले नाही. का दिले नाही, ते मलाही ठाऊक नाही. ते जाऊन म्हातारीपाशी बसले आणि म्हणाले, "सुंदराबाई, या घरातनं मढं निघंल म्हणत्यात. भ्यालीस का?"

म्हातारीने खोकला आवरला. "भ्याले हुते महाराज, लोकाच्या ओट्यावरनं निघायला. आपल्या उंबऱ्यातनं निघायचं म्हणून तर पोरीनं हे सारं केलं. ऱ्हाऊ द्या ती मेढ उलटी."

भिवराच्या हातातली कुदळ गळून पडली.

महाराजांनी आढ्याचे एक टोक खांद्यावर घेतले. दुसरे भिवराने घेतले. बसल्या जागेवरून म्हातारीने मध्ये तळहात लावला. तिघांचे बळ मिळून एका बैलाएवढे नव्हते! पण आढे उठले. पऱ्हाटीच्या काडीसारखे उठले. दोघे दोन शिड्या चढले आणि आढे दोन्ही मेढींवर जाऊन बसले. दूर गेलेली माणसे धावत परतली.

नागोजी म्हणाला, "लाकूड पोकळ असंल." तो शिडीवर चढला, आढ्याखाली खांदा लावून त्याने जोर केला, गळ्याच्या शिरा फुगल्या. आढे तसूभरही हलले नाही.

तो उतरताच महाराजांनी शांतपणे विचारले, "नागोजी, ही मेढ रोवली तवा तू कुठं हुतास?"

नागोजीचे तोंड उतरले.

"मी सांगू? याच वाटंवर हुतास. बघितलंस, वळखलंस, हसलास आन् पुढं गेलास. भिंती पुऱ्या व्हायची वाट बघितलीस."

सगळे गाव ऐकत होते. नागोजी गर्दीतून वाट काढत घरी गेला.

भिवराने छप्पर शाकारले. पुढे थंडी सरता सरता, एका सकाळी सुनेच्या मांडीवर डोके ठेवून, स्वतःच्या छपराकडे बघत सुंदराबाई गेली. नागोजीचे बोलणे खरे ठरले म्हणावे, तर तेही खरेच. भिवराचे रडणे थांबेना. घर होते आणि घरात माणूस नव्हते.

तिरडी बांधायला म्हातारीचा मुलगा आला नाही. नागोजी आला. बांबू त्यानेच आणले, गाठी त्यानेच मारल्या. म्हातारीला उंबऱ्याबाहेर आणण्याआधी तो अंगणात आलेल्या महाराजांच्या पायांवर पडला. "महाराज, मी पापी. मला माफी कुठं?"

महाराजांनी नुसते भिवराकडे बोट दाखवले.

नागोजी तिच्याकडे वळला. तिच्यापुढे मातीत त्याने डोके टेकले आणि म्हणाला, "मालकीणबाई, माझं चुकलं. आईला आता मी खांदा देऊ का?"

भिवराने भरल्या डोळ्यांनी होकाराची मान हलवली. आणि सुंदराबाई आपल्या घरातून निघाली.